निम्मा वाडगा

१

ताईच्या घरात सुमित सगळ्यात आधी काय शिकला असेल, तर हिरवा चहा घुसळायला.

काम साधं होतं. किटलीत पाणी तापवायचं, पण उकळू द्यायचं नाही. कपाटातून एक वाडगा काढायचा, गरम पाण्यानं विसळून फडक्यानं कोरडा करायचा. डब्यातली हिरवी पूड, दिसायला अगदी मेंदीसारखी, बांबूच्या चमच्यानं त्यात टाकायची. वर थोडं पाणी ओतायचं आणि बांबूचीच एक छोटी रवी घेऊन, मनगट सैल सोडून घुसळत राहायचं. सर्र, सर्र, सर्र. फेस आला की झालं.

"याला माचा म्हणतात," पहिल्या दिवशी हे सगळं करून दाखवताना मंजूषाताई म्हणाल्या.

"आमच्या दौंडला माच्यावर झोपतात," सुमित म्हणाला.

मंजूषाताई फिसकन हसल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवला. हसल्याचं त्यांना वाईट वाटलं. "अगदी हेच म्हणाली होती तेजल. शब्दन् शब्द हेच."

मग त्यांनी वाडगा त्याच्या हातात दिला. त्यानं तो उचलला तसाच तोंडाला लावला.

"अरे अरे अरे! चित्राला तोंड नाही लावायचं. वाडगा असा फिरवून घ्यायचा, चित्र पलीकडे जाईल असा. ज्यानं रंगवलंय त्याच्या कामाला आपलं तोंड लावू नये, असं तेजल सांगायची. मला तर दर वेळी ओरडायची."

मंजूषाताई ताईच्या ऑफिसातल्या, मूळ पुण्याच्या, राहायला जवळच्याच झूटरमेरला. तेजलताई गेल्यावर इथलं सगळं त्यांनीच निस्तरलं होतं. रायस्वाइक नावाच्या डच गावातल्या या घरात, याच स्वयंपाकघरातल्या याच टेबलाशी, एका शनिवारी सकाळी ताईच्या मेंदूतली नस फुटली. सोमवारी ती कामावर आली नाही, फोन उचलेना, म्हणून मंजूषाताई त्यांच्याजवळची किल्ली घेऊन आल्या. ताई टेबलावर डोकं टेकून बसली होती. डॉक्टर म्हणाले, तिला काही कळलंही नसेल.

दहनानंतर अस्थी महिनाभर दहनगृहातच ठेवायच्या असा इथला कायदा. आईला प्रवास झेपणार नव्हता, वडील नव्हतेच. राहता राहिला सुमित. नववी नापास, दौंडच्या गॅरेजात मोटारसायकली खोलून हात काळे करणारा, विमानात पहिल्यांदा बसलेला. त्यानं अस्थी घ्यायच्या, घर रिकामं करून मालकाच्या ताब्यात द्यायचं आणि परत फिरायचं, असं ठरलं होतं.

पण त्याचं खरं काम आईनं निघताना त्याच्या कानाशी लागून सांगितलं होतं.

"एवढं विचार रे कुणाला तरी. जाताना माझी पोर एकटीच होती का? कुणीच नव्हतं का जवळ?"

सुमितनं विचारलं. मंजूषाताईंना विचारलं, त्यांच्यामार्फत डॉक्टरांना विचारलं. उत्तर एकच यायचं. जवळ कुणी नव्हतं, पण त्रास झाला नसणार. यातला पहिला भाग ऐकला की दुसरा त्याच्या कानात शिरतच नसे. आईला त्यानं अजून काहीच सांगितलं नव्हतं.

२

चहा त्याला मुळीच आवडला नाही. शेवग्याचा पाला वाटून गरम पाण्यात कालवावा तसा. पण ताई रोज सकाळी हाच प्यायची, म्हणून तोही रोज सकाळी हाच प्यायला लागला. तिच्या खुर्चीत बसायची त्याची हिंमत होत नव्हती. तो समोरच्या खुर्चीत बसायचा.

वाडगे ताईनं एकेक करून जमवले होते. इथं कुणी म्हातारं माणूस गेलं की मुलं अख्खं घर क्रिंगलोपात, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, नेऊन टाकतात. तिथल्या कपबशांच्या ढिगातून ताई हे जपानी वाडगे हुडकून काढायची. दुकानदाराला ते सूप प्यायचे वाटायचे. ताई व्हिडिओ कॉलवर एकेक वाडगा असा दाखवायची, जणू बाळंतिणीनं बाळ दाखवावं.

सुमितनं रोजच्यासाठी घेतला तो तिच्या सगळ्यात लाडका. राखाडी रंगाचा, बोटांना किंचित खरखरीत, दोन्ही हातांची ओंजळ केली की बरोबर मावणारा. एका बाजूला कुणीतरी हातानं फुलांची वाकडी फांदी काढली होती. टोकाच्या कळीवरून रंगाचा एक थेंब ओघळला होता आणि काढणाऱ्यानं तो तसाच राहू दिला होता.

"हा थेंब आहे ना, म्हणून मी हा घेतला," ताई म्हणाली होती. "कुणीतरी हातानं काढलंय हे त्याच्यावरून कळतं. तू शाळेत काढायचास तशी फांदी आहे, सुम्या. घाई घाईत."

तर पहिल्या एकट्या सकाळी तो निम्मा चहा प्यायला आणि उरलेला तसाच टेबलावर ठेवून अंघोळीला गेला. ही त्याची जन्माची खोड होती. लहानपणी दौंडला दोघांत मिळून एकच पेला चहा यायचा. आधी ताई प्यायची आणि निम्म्यावर आली की पेला त्याच्याकडे सरकवायची. "घे, सुम्या. तुझा वाटा." तिचं उष्टं त्याला कधी उष्टं वाटलंच नाही. पुढं ती पुण्याला शिकायला गेली, तिथून इकडे आली, पण सुमितच्या घशाखाली अख्खा कप कधी उतरला नाही. गॅरेजचा मालक वैतागायचा. "निम्मा कुणाला ठेवतोस रे? बायकोला? आधी कर तरी!"

अंघोळ करून आला तर वाडगा रिकामा होता. तळाशी हिरवा फेस तेवढा.

प्यायलो असेन, त्याला वाटलं. माणसाचं डोकं ठिकाणावर नसलं की हात काय करतात त्याचा पत्ता लागत नाही. दुसऱ्या दिवशी तो निम्मा ठेवून खाली कचरा टाकायला गेला. परत आला तर वाडगा रिकामा. त्यानं मंजूषाताईंना फोन लावला.

"मंजूषाताई, हे जुने वाडगे पाणी पितात का हो?"

"पितात म्हणजे?"

"मातीचे ना. माठ कसा पाझरतो."

"थोडं शोषत असतील बाबा. तेजल म्हणायची, आतल्या बारीक भेगांना वापरून वापरून चहाचा रंग चढतो. का रे? गळतोय का?"

"नाही, सहज."

"तू जेवतोस ना नीट? मी रविवारी येते खोकी घेऊन, थालीपीठं आणते. आणि ऐक, वाडगे घासू बिसू नकोस हं. माझ्या आईला तेजलनं एक दिला होता, तर आमच्या मातोश्रींनी चिंच लावून असा लख्ख केला, की चित्रच गेलं. वर मला म्हणते कशी, डाग किती जुना होता गं!"

३

माठ पाझरतो, पण निम्मा वाडगा बघता बघता पिऊन टाकत नाही, एवढं गॅरेजातल्या माणसालाही कळतं. बिघाड शोधायचा तर एकेक भाग तपासायचा. सुमितनं वाडग्याखाली कागद ठेवला. कागद कोरडा राहिला. वाडग्यात नुसतं पाणी ठेवलं, ते संध्याकाळपर्यंत होतं तसंच होतं. घुसळलेला चहा ठेवला आणि स्वतः समोर राखण करत बसला. चहा निवला, फेस बसला, पण कमी झाला नाही. त्यानं जरा पाठ फिरवली, बाहेरच्या खोलीत जाऊन बूट घातले, आणि तेवढ्यात वाडगा रिकामा झाला.

खरं तर भीती वाटायला हवी होती. पण सुमितला हसू फुटलं. रडता रडता फुटतं तसलं, ओलं हसू.

"ताई," तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "अगं, मी बघत असलो तर काय झालं?"

भुताखेताला साजेसं ते घरच नव्हतं. जून महिना होता. इथल्या उन्हाळ्यात जेवणं आटोपून भांडी घासून झाली तरी उजेड जायचं नाव घेत नाही. खिडक्या भिंतीएवढ्या, पडदे ओढायची रीत नाही, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही घरातलं फूल दिसतं. या घरात लपायचं म्हटलं तरी कुणाला जागा नव्हती.

आईला हे सांगायची सोय नव्हती. त्यांच्या घरात मेलेल्याला घास ठेवत नाहीत, पिंड देत नाहीत. आईवडिलांनी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आणि आईनं त्या अक्षरशः पाळलेल्या. वडील गेले तेव्हा एक शेजारीण कावळ्याचं काहीतरी सांगायला आली, तर आईनं तिला दारातूनच वाटेला लावलं होतं. "माझा नवरा कावळा नाही झाला, बाई."

मग हे काय होतं? हा घास नव्हे, सुमितनं स्वतःला बजावलं. घास मेलेल्याला असतो. हा वाटा आहे. वाटा बहिणीचा असतो.

त्या दिवसापासून तो मन लावून घुसळायला लागला. फेस बारीक यायला लागला. घुसळता घुसळता तो बोलायचा. गॅरेजमधल्या गमती, आईचे गुडघे, गल्लीतल्या कुत्रीला झालेली पिल्लं. मग निम्मा प्यायचा, वाडगा ठेवायचा आणि बाहेर जाऊन दार ओढून घ्यायचा. दाराच्या वरच्या भागाला धुरकट काच होती. तिच्यातून नुसता उजेड दिसायचा. तो दाराला पाठ लावून, जमिनीवर बसून ऐकायचा.

आधी खूप वेळ काहीच नसे. मग खुर्चीचा पाय लाकडावर जरासा सरके. मग गिळल्याचा आवाज. आणि शेवटी वाडगा टेबलावर टेकल्याचा. टप्प. एखादं चांगलं गाणं ऐकावं तसा तो हे सगळं डोळे मिटून ऐकत असे. ताई आहे. ताई पितेय. इतकं बरं त्याला महिन्याभरात वाटलं नव्हतं.

खोकी भरायचं काम मात्र जिथल्या तिथं राहिलं.

४

रविवारी मंजूषाताई घडी केलेली खोकी काखेत मारून आल्या. सुमित त्यांना मदत करायला खाली गेला, तर जिन्यात खालच्या मजल्यावरच्या विल्माबाई भेटल्या. चांगल्या ऐंशीच्या पुढच्या, हातात फुलांना घालायच्या पाण्याची झारी. सुमितला बघून त्यांनी झारी खाली ठेवली, त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि डचमध्ये बरंच काही बोलल्या.

"म्हणतायत, तू भाऊ ना तिचा. फार वाईट वाटलं म्हणतात," मंजूषाताईंनी सांगितलं. "आणि म्हणतायत... थांब हं." त्यांनी काहीतरी विचारलं. विल्माबाईंनी बोट वर, छताकडे दाखवत पुन्हा तेच सांगितलं.

"काय म्हणतायत?"

"रोज सकाळी तुमचं दोघांचं बोलणं ऐकू यायचं म्हणे. लाकडी जमीन आहे ना. त्यांना बरं वाटायचं. एवढी गोड मुलगी, एकटी नाही, भाऊ आहे सोबत."

"फोनवर बोलत असेल ती," सुमित म्हणाला. पण ताईचा फोन रविवारचा असायचा. इथल्या सकाळी तो गॅरेजात एखाद्या इंजिनात कोपरापर्यंत बुडालेला असायचा.

मंजूषाताईंनी विचारलं. विल्माबाईंनी मान हलवली. "फोन नाही म्हणतात. खुर्च्या दोन सरकायच्या."

"शनिवारचं विचारा. त्या शनिवारचं."

"अरे, कशाला आता..."

"विचारा ना!"

मंजूषाताईंनी नाइलाजानं विचारलं. विल्माबाईंनी सुमितकडे असं पाहिलं, जणू त्याला हे माहीत असायलाच हवं होतं. मग हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं.

"काय?"

"काही नाही रे. वय झालंय त्यांचं. कानाला मशीन आहे बघ."

"मंजूषाताई."

"त्या म्हणतायत," मंजूषाताई पायऱ्यांकडे बघत म्हणाल्या, "की शनिवारी तर तू खूप वेळ बोलत होतास. तीच गप्प होती."

वर आल्यावर दोघं काही वेळ उगाचच खोकी उघडून चिकटपट्टी लावत बसले. मग वाडग्यांवर कागद गुंडाळता गुंडाळता मंजूषाताई आपणहून बोलायला लागल्या.

"तुला गंमत माहितीये? तेजल कधी पूर्ण प्यायचीच नाही. निम्मा ठेवायची. वर बशी झाकायची आणि ऑफिसला यायची. सुम्याचा वाटा, म्हणायची. आम्ही चिडवायचो तिला. मी एकदा म्हटलं, बाई, संध्याकाळी मोरीत ओततेस ना तो? नाहीतर बुरशी धरेल. तर म्हणाली, ओतायला कशाला लागतोय, सुम्या पिऊन जातो."

सुमितच्या हातातला कागद तसाच राहिला. "कधीपासून?"

"तो फांदीवाला आणला तेव्हापासून. झाली की दोन वर्षं. मला वाटायचं, करमत नाही बिचारीला. तुझी आठवण काढते."

"आणि तुम्ही सोमवारी आलात तेव्हा? तेव्हा कुठं होता हा?"

मंजूषाताईंचे डोळे भरले. "तिच्या पलीकडे. समोरच्या खुर्चीपुढे. रिकामा होता. मी धुवून ठेवला. असल्या वेळी मी वाडगा का धुतला, देवाला ठाऊक."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमितनं घुसळला, निम्मा प्यायला आणि बाहेर गेला. टप्प ऐकल्यावर आत आला आणि पहिल्यांदाच वाडगा उचलून खिडकीशी नेला.

काठावर हिरवट ओठांच्या खुणा दोन होत्या. एक त्याची, साध्या बाजूला, कारण तो आता शिकला होता, वाडगा फिरवून घ्यायचा. दुसरी खूण चित्राच्या बाजूला होती. बरोबर कळीच्या वर. आडदांडासारखी, उचलला तसा तोंडाला लावलेली.

ताई चित्राला तोंड लावत नव्हती. दुसऱ्यांना ओरडायची.

सुमित खिडकीशी उभा राहिला. खाली एक बाई सायकलच्या पुढच्या पेटीत दोन मुलं घालून चालली होती. कुणाच्या तरी घरात पाव भाजल्याचा वास होता. ऊन इतकं स्वच्छ होतं की वाडग्याच्या खरखरीत अंगावरचा कण अन् कण दिसत होता. या असल्या उजेडात त्याच्या पाठीतून थंड काहीतरी खाली उतरत गेलं.

दोन वर्षं ताई सुम्याचा वाटा ठेवत होती आणि सुम्या म्हणून कुणीतरी तो पीत होतं. कुणीतरी समोरच्या खुर्चीत बसत होतं, तिच्याशी बोलत होतं. आता सुमित ताईचा वाटा ठेवत होता. पण ताई आलीच नव्हती. एकदाही नाही. तिच्या नावानं तो ज्याच्याशी कुत्रीच्या पिल्लांच्या गोष्टी करत होता, ज्याच्या गिळण्याचा आवाज ऐकून त्याला बरं वाटत होतं, तो सुम्याच होता. दुसरा.

वाडगा खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. तो ओट्यावर कसाबसा टेकवून तो चपलांवरच घराबाहेर पडला.

कालव्याच्या काठच्या बाकावर तो किती वेळ बसला कोण जाणे. बदकं काठाशी येऊन, काही मिळत नाही बघून परत गेली. त्याला तो वाडगा कालव्यात फेकावासा वाटला. मग त्याच वाडग्याला मिठी मारावीशी वाटली. मंजूषाताईंचा फोन आला.

"आवाज असा का येतोय तुझा? ऐक, बॅग भर आणि माझ्याकडे ये. खोकी मी आणि माझा नवरा येऊन भरू. तू नको राहूस तिथं एकटा."

"येतो," सुमित म्हणाला.

"आत्ता?"

"संध्याकाळी येतो."

आणि खरंच जाता आलं असतं. ट्राम समोर उभी होती. अस्थी घ्यायच्या, विमानात बसायचं, दौंडला उतरायचं. मग आई विचारणार, आणि तो म्हणणार, एकटीच होती, आई. आणि आई उरलेलं आयुष्य तेवढ्या एका शब्दाशी बसून काढेल.

शनिवारी तर तू खूप वेळ बोलत होतास. तीच गप्प होती.

तो जो कुणी होता, त्या सकाळी तिथं होता. अख्ख्या जगात ज्याला विचारता येईल असा तोच एक होता.

ट्राम घंटा वाजवून निघून गेली. सुमित उठला आणि घराकडे चालू लागला. चपला घासत, लहान मुलाला दवाखान्यात नेतात तसा, स्वतःलाच ओढत.

६

ऊन आता टेबलापर्यंत आलं होतं. त्यानं पाणी तापवलं, वाडगा विसळला, कोरडा केला. फेस चांगला आला. आज तो ताईच्या खुर्चीत बसला. वाडगा फिरवून निम्मा प्यायला. मग पाहुण्याला द्यावा तसा, चित्र समोर करून, पलीकडच्या खुर्चीपुढे सरकवला.

"घे," तो म्हणाला. "तुझा वाटा."

बाहेर आला. दार या वेळी त्यानं पूर्ण ओढलं नाही. बोटभर फट ठेवली आणि फटीला डोळा न लावता, भिंतीला गाल टेकून उभा राहिला.

फ्रिज गुरगुरत होता. खाली विल्माबाईंचा रेडिओ काहीतरी हळू आवाजात सांगत होता. मग रेडिओ ऐकू येईनासा झाला, किंवा सुमितचे कान फक्त आतलंच ऐकायला लागले.

खुर्ची सरकली.

फू. फू.

चहा गरम नव्हताच. तरीही कुणीतरी त्यावर फुंकर मारत होतं. गार सरबतावरही फुंकर मारतो म्हणून ताई कुणाला हसायची, ते सुमितला आठवलं आणि त्यानं फटीतून पाहिलं.

पाठ दिसली. एक पाय खुर्चीवर घेऊन, गुडघा हनुवटीशी धरून बसलेल्या माणसाची पाठ. वाडग्याभोवती बोटं होती आणि नखांत काळं ऑइल होतं. सुमितनं स्वतःची नखं पाहिली. इथं आल्यापासून ती इतकी स्वच्छ झाली होती की अनोळखी वाटत होती. त्यानं पुन्हा आत पाहिलं. आपली मान आपण कधी पाठीमागून पाहत नाही. तरी ती मान त्यानं ओळखली. ती त्याची होती, पण आरशातली नव्हे. ताईला जशी दिसत असेल तशी होती. कुणीतरी ती फार मायेनं, दर सकाळी थोडी थोडी, आठवून आठवून केली होती.

त्यानं दाराची चौकट धरली.

"ए," तो म्हणाला. "ए. त्या दिवशी... ती एकटी होती का रे?"

मान वळली नाही. वाडगा खाली टेकला. टप्प. मग त्या हातानं तो हळूच पलीकडे, ताईच्या रिकाम्या खुर्चीकडे सरकवला. हात तिथंच राहिला. टेबलापासून वीतभर वर, हवेत तो सावकाश फिरायला लागला. पुढून मागे. पुन्हा पुढून मागे. कुणी टेबलावर डोकं टेकून बसलं असेल, तर केस जिथं येतील, बरोबर तिथं.

"झोप, ताई," कुणीतरी म्हणालं. "झोप तू. मी आहे इथं."

आवाज दौंडचा होता. तो टेबलाकडून आला की दाराकडून, हे सुमितला शेवटपर्यंत सांगता आलं नसतं. त्याचे स्वतःचे ओठ उघडे होते आणि घसा खूप वेळ बोलल्यासारखा दुखत होता. आतला हात मात्र थांबला नव्हता. ऊन त्याच्या बोटांवरून सरकत होतं आणि तो फिरत होता, न कंटाळता.

सुमितनं दार अगदी हळू, आवाज न करता ओढून घेतलं. झोपलेल्या माणसाच्या खोलीचं ओढतात तसं.

७

बॅग घेऊन तो इमारतीच्या पायरीवर बसला आणि त्यानं आईला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती, पण ती जागीच होती. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तिनं उचलला.

"आई, मी विचारलं."

मागून रेल्वेची शिट्टी तेवढी आली.

"एकटी नव्हती ती. कुणीतरी होतं जवळ. डोक्यावरून हात फिरवत होतं तिच्या. झोप म्हणत होतं. तिला वाटलं... तिला चांगलं वाटत होतं, आई. खोटं नाही सांगत."

"कोण होतं?"

शेजारीण होती, असं म्हणता आलं असतं. मैत्रीण होती, असंही. दोन्ही खोटी उत्तरं त्यानं जिना उतरताना तयार करून ठेवली होती.

"मी," तो म्हणाला. "मी होतो, आई."

त्या शनिवारी तो गॅरेजला न जाता दौंडला घरातच होता. दुपार झाली तरी लोळत पडला होता. आईनंच दोनदा येऊन त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढलं होतं, आणि दोन्ही वेळा तो काहीतरी पुटपुटत होता, हसत होता, जागा होत नव्हता. साध्या गोष्टीलाही सतरा प्रश्न विचारणारी त्याची आई. तिच्या श्वासाचा आवाज फोनवर येत राहिला. गाडी स्टेशनातून सुटून दूर जाईपर्यंत येत राहिला.

"बरं झालं," ती म्हणाली. "बरं झालं, बाळा."